नाव पुकारलं तेव्हा

पाळणा ओसरीच्या आढ्याला बांधला तेव्हा दोरी ओढून धरायला ललिताच उभी होती, आणि गाठ पक्की झाल्यावर तिलाच सांगण्यात आलं की आता तू चुलीजवळ जाऊन बस. सांगणारी पंचफुलाबाई, तिची सासू. रागाने बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण बाई लोण्यासारखं मऊ बोलली, की माय, लोकं येतीन आता, कोनाच्या मनात काय असते अन् काय नाई, तू आतच बरी. म्हणजे गाठ मारायला हे हात चालतात, पाळणा हलवायला चालत नाहीत. हा कुठला न्याय म्हणायचा? पण नांदगाव खंडेश्वरच्या त्या वस्तीत हा सवाल आजवर कोणी कोणाला केला नव्हता.

आणि घर कोणाचं, तर देवमन तायड्याचं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. आल्याबरोबर त्याने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि बेंबळेच्या डोहात सोडून दिले. वस्तीत कोणी अंगारा लावलेला दिसला तर तो भर चावडीवर त्याची हजेरी घ्यायचा. अशा माणसाच्या घरात मोठी सून सणासुदीच्या दिवशी चुलीआड गेली, आणि त्याला ते दिसलं नाही. दिसलं नाही कसं म्हणू, त्याला पाहायचंच नव्हतं.

सण म्हणजे धाकट्या सहदेवच्या तिसऱ्या लेकराचं नामकरण. थोरला भगवंत अकोल्याला बांधकाम खात्यात कारकून, ललिता त्याची बायको. दीक्षेच्याच वर्षी लग्न झालं, आणि आता चौसष्ट साल उजाडलं तरी तिची कूस रिकामी होती. पंचफुलाबाईने ठरवलं की नामकरणाला घर गोळा होतंच आहे, तर ललिताचाही निकाल लावून टाकू. म्हणून तिने ललिताच्या बापाला, बुधाजीला, मोर्शीहून सकाळच्या बसनेच बोलावून घेतलं. दुपारी पाहुणे यायच्या आधी बोलणं उरकायचं होतं.

बुधाजी मोर्शीच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणदार. पिशवीभर संत्री घेऊन आला आणि अंगणातल्या बाजेच्या पार काठावर टेकला. बाजेवर जागा भरपूर होती. पण पोरीला लेकरू नाही म्हणजे जणू आपणच काही चोरून आणलं आहे, अशा बेताने तो बसला. समोर देवमन, शेजारी भगवंत मान खाली घालून, आणि सहदेव खांबाला टेकून.

पंचफुलाबाईने सगळं मांडलं. अमरावतीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण झाली, औषधं झाली, दोनदा पिशवी खरवडून झाली. आता त्या बाईचं म्हणणं की पोट उघडून आतच पाहावं लागेल. सोमवारी भरती व्हायचं. उघडून काही सापडलं आणि दुरुस्त झालं तर उत्तम. नाही सापडलं, किंवा पोरगी टेबलावर जायला तयार नसली, तर बुधाजीने तिला मोर्शीला न्यावं आणि राजीखुशीने काडीमोड द्यावी. तिवश्याची एक पोरगी पाहून ठेवलेली होती. सरकारी नोकरीवाल्याला एक बायको असताना दुसरी करता येत नाही, कायदा झाला आहे, म्हणून पहिलीला आधी मोकळं करायचं. बाईला कायदा तेवढाच माहीत होता, पण तो पक्का माहीत होता.

बुधाजीने एकच विचारलं, "वाचंन ना माही पोरगी?"

"सगळ्याच वाचतेत," पंचफुलाबाई म्हणाली.

ते खोटं होतं. डॉक्टरीणबाईने अगदी उलट सांगितलं होतं, की पोट उघडणं लहान काम नाही आणि हमी मी देत नाही. पण बुधाजीला ते कोण सांगणार? भगवंतला माहीत होतं, तो बाजेची सुतळी उकलत बसला होता. बुधाजीने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, तुमी म्हनसान तसं. अरे, बाप आहेस की कोण आहेस? पोरीला विचार तरी. दहा पावलांवर ती पोळ्या लाटते आहे.

ललिताला आत सगळं ऐकू येत होतं. आलू-वांग्याचं पातेलं रटरटत होतं तरी ऐकू येत होतं. तिला सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पोटाचा आला. कारण तिची स्वतःचीही खात्री पटलेली होती की दोष इथेच आहे. तिनेच नव्हतं का डॉक्टरीणबाईच्या तोंडून ऐकलं?

दोन सालांमागची गोष्ट. अमरावतीला पहिल्यांदा गेली तेव्हा डॉक्टरीणबाईने तिला नीट समोर बसवून समजावलं होतं. आजवर तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. बाई म्हणाली की मूल न होण्याचं कारण दोघांपैकी कोणातही असू शकतं, निम्म्या वेळा पुरुषातच असतं. पुरुषाची तपासणी सोपी, एका बाटलीचं काम. बाईची अवघड, म्हणून शहाण्याने आधी पुरुषाला तपासावं. मग म्हणाली, "जा, नवऱ्याला हाक मार. मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत."

ललिता व्हरांड्याच्या दारापर्यंत गेली. बाहेर ही गर्दी. हाक मारायची तर नाव घ्यावं लागेल, आणि नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. तिच्या आईने घेतलं नाही, सासूने घेतलं नाही. लग्नात उखाण्यात एकदा पुटपुटलं असेल तेवढंच. ती दारात पदराचं टोक पिळत उभी राहिली. शेवटी कंपाउंडर खेकसला, नाव तरी सांग बाई. तेही तिच्या तोंडून निघेना, तेव्हा बाकावर बसलेल्या पंचफुलाबाईने सांगितलं. नर्स ललिताला पडद्याआड घेऊन गेली, डॉक्टरीणबाईला एका बाळंतिणीकडे बोलावणं आलं, आणि बाहेर कंपाउंडर ओरडला, "भगवंत देवमन तायडे कोण?" तेवढं ललिताने टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं.

बाई परत आल्यावर आत ललिताच्या नळ्यांत हवा सोडली. बाईने आधीच बजावलं होतं की पोट तडतडेल, चक्कर येईल, आणि थोड्या वेळाने खांदा दुखला तर घाबरू नको. खांदा दुखला म्हणजे वाट मोकळी, हवा पार गेली. दुखला नाही तर वाईट. ललिता दात आवळून पडून राहिली आणि मनात एकच घोकत राहिली, दुख रे बाबा, दुख. उठून बसली आणि उजव्या खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं. ती आनंदाने रडली. बाहेर सासूने पाहिलं आणि म्हणाली, अंगात वात शिरला, एरंडीचं तेल चोळ.

पुढच्या खेपेला बाईने सांगितलं की नवऱ्याची तपासणी उत्तम निघाली, त्यांच्यात काही खोट नाही. मग काय, सगळं ललितावरच आलं. रोज पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरायचं, अकोल्याच्या खोलीत शेजारणी फिदीफिदी हसायच्या. पिशवी खरवडली, घरी येऊन तिसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी ओढलं. पुन्हा खरवडली. डॉक्टरीणबाईच कोड्यात पडली होती, की इकडे वाट मोकळी, तिकडे नवरा चांगला, मग अडतंय कुठे? म्हणून आता पोट उघडायचं. तिची बिचारीची काय चूक? तिला जे दाखवलं त्यावर ती चालली.

ओसरीमागच्या खोलीत बाळंतीण सत्यवती, सहदेवची बायको, लेकराला पाजत बसली होती. तिनेही अंगणातलं सगळं ऐकलं. तिवश्याची पोरगी म्हटल्यावर तिने नाक मुरडलं, आणि सोमवारी पोट उघडायचं ऐकल्यावर पाजणं सोडून उठली. तिने दारातून सहदेवला हात केला.

हिला एक गोष्ट माहीत होती. सहदेवने एकदा सहज बोलता बोलता सांगितली होती, आणि सांगितल्यावर शपथ घातली होती. शपथ पाळणं तिला सोपंही होतं, खोटं कशाला बोलायचं. भगवंतच्या आधारावर त्यांचं घर चाललं होतं. सहदेवला विहिरीला इंजिन घेऊन देणारा तोच. त्याचं बिंग फोडायचं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवायची. आणि मोठी जाऊ रिकाम्या कुशीची, म्हणून या घरात सत्यवतीचा शब्द वर, हेही तिला कळत होतं. दोन सालं तिने तो मान गुपचूप खाल्ला होता.

"तुमी सांगता का मी सांगू?" तिने नवऱ्याला विचारलं.

सहदेव म्हणाला की दादाला वचन दिलं आहे, आणि आता फार उशीर झाला, आणि डॉक्टरलोकांना आपल्यापेक्षा जास्त समजते. म्हणजे माणूस तोंड लपवायला जितकी कारणं काढतो तितकी त्याने एका दमात काढली.

"थ्या डॉक्टरले तुमीच फसवलं, मंग तिले काय समजन?" सत्यवती म्हणाली. "थे टेबलावर मेली तं तुमाले झोप लागन का?"

सहदेव परत जाऊन खांबाला टेकला. सत्यवतीने लेकरू उचललं, डोक्याला फडकं गुंडाळलेलं तसंच, आणि बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये वगैरे सगळं गुंडाळून ठेवून अंगणात आली. पंचफुलाबाई दचकून म्हणाली, तू काहून भायेर आली. सत्यवतीने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"बुधाजीमामा, हो म्हनू नोका," ती म्हणाली. "भाऊजीची तपासनी झालीच नाई. दवाखान्यात नाव पुकारलं भाऊजीचं, अन् उठला या लेकराचा बाप. थे बाटली यायची होती, भाऊजीची नाई."

आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

आधी भगवंत म्हणाला, खोटं बोलून राह्यली. मग सहदेवकडे वळला, सांग रे तू. आणि सहदेव, जो आयुष्यभर दादाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता, जमिनीकडे बघत म्हणाला, "माय तिथीच होती बाकावर. मायले इचारा."

आता सगळ्यांचे डोळे पंचफुलाबाईकडे लागले. तिने पदर सावरला. तिला तो बाक आठवला, कंपाउंडर आठवला. नाव ऐकून भगवंत तिच्याकडे कसा बघत होता तेही आठवलं, लहानपणी ताप चढला की बघायचा तसा. मग त्याने सहदेवच्या पाठीला हात लावला आणि सहदेव उठला. तिने पाहिलं. तिने कंपाउंडरला सांगायला तोंडही उघडलं होतं, पण उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं.

कारण तिला त्याहून जुनी गोष्ट माहीत होती. भगवंतला मिसरूड फुटलं त्या साली गालफुगी झाली होती. गाल उतरले आणि सूज खाली गेली, पोरगा गुरासारखा ओरडत लोळला. तिने एरंडाची पानं गरम करून बांधली. बडनेऱ्याचा एक डॉक्टर तेव्हा म्हणाला होता की बाई, याच्या लग्नाच्या वेळी ध्यानात ठेवा, कधी कधी यातून मूल होत नाही. तिने ध्यानात ठेवलं, आणि लग्नाच्या वेळी बुधाजीला सांगितलं नाही. आईचा जीव आहे, मान्य. गावात पोराला कोणी काही म्हणेल या भीतीने तिची झोप उडायची, तेही मान्य. पण ती भीती उचलून दुसऱ्याच्या लेकीच्या पोटात ठेवायची, हे कसं मान्य करायचं?

"मले वाटलं दोघातही असन काही," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं तिचं दुरुस्त झालं तं त्याचंही होईन."

देवमन उठून उभा राहिला. सभेत तासभर बोलणारा माणूस, त्याला शब्द सापडेना. सापडला तोही कसला, तर म्हणाला, "लोकं येऊन राह्यले. आत चला, आत बोलू."

फाटकाशी खरंच शेजारची पार्वताबाई आणि आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या होत्या.

"आत कायले, मामाजी?" सत्यवती म्हणाली. "तिच्यावर बोलाले अंगन चाललं. आता पोराचं निंगालं तं आत? तुमी देव डोहात टाकले, अन् वांझ म्हनाचं तेवढं घरात ठेवलं."

देवमनला कोणी तोंडावर असं बोललेलं नव्हतं, सुनेने तर नाहीच. तो पुन्हा बाजेवर बसला. भगवंत बोलायला लागला, की मला लाज वाटली, त्या खोलीत जायची, बाटली हातात घेऊन सगळ्यांपुढून यायची. ऑफिसात कोणाला कळलं असतं तर. आणि एकदा खोटं झाल्यावर खरं कसं सांगायचं. ललिताला त्रास व्हावा असं माझ्या मनात नव्हतं, असंही म्हणाला. नसेलही. दोनदा तिला टेबलावर घातली तेव्हा हा बाहेर विडी ओढत उभा होता, तेव्हा मनात काय होतं कोण जाणे.

बुधाजी बाजेच्या काठावरून उठला होता. त्याने संत्र्यांची पिशवी उचलली, परत ठेवली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, "ललिता, चाल माय. मोर्शीले चाल."

ललिता बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ. ती रडत असेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडत नव्हती. तिचा हात उजव्या खांद्यावर होता, जणू कळ आत्ताच आली आहे. ती खांद्याची कळ खरी होती, तर. वाट मोकळी होती, पहिल्या दिवसापासून मोकळी होती, आणि तिने दोन सालं स्वतःच्याच पोटाला शिव्या दिल्या होत्या.

"मी कायले जाऊ, बाबा?" ती म्हणाली. "म्या का केलं?"

हाच सवाल बापाने मघाशी करायला हवा होता. सत्यवती पुढे झाली आणि काही न बोलता लेकरू जावेच्या हातात दिलं, पिठाच्या हातात. पंचफुलाबाईचा हात आपोआप पुढे आला आणि तसाच राहिला. ललिता लेकराला घेऊन ओसरी चढली, तिने स्वतःच बांधलेल्या पाळण्यात त्याला ठेवलं आणि दोरी धरली. मग तिने अंगणाकडे तोंड केलं.

"भगवंत देवमन तायडे कोण?"

आवाज मोठा नव्हता, पण फाटकापर्यंत गेला. पार्वताबाईने तोंडाला पदर लावला. त्या वस्तीत कोणा बायकोने नवऱ्याचं नाव असं चारचौघांत, बापासकट, उघड्या तोंडाने घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पंचफुलाबाई खाली बसली. भगवंतने मान वर केली, आणि सवयीने, निव्वळ सवयीने, सहदेवकडे पाहिलं.

सहदेव खांबाला टेकून उभा होता, तो जागचा हलला नाही.

ललिताने दुसऱ्यांदा हाक मारली. "भगवंत देवमन तायडे."

"उठ," देवमन पोराला म्हणाला. "तुले पुकारून राह्यली थे."

भगवंत उठला. उठताना त्याचा पाय बाजेला अडकला, कोणी हात दिला नाही. तो ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मीच."

ललिताने त्याच्याकडे सरळ पाहिलं. लेकरू कुरकुरलं तसा तिने पाळण्याला एक हलका झोका दिला.

"सोमवारी अमरावतीले जाऊ," ती म्हणाली. "आत तुमी जासान. बाकावर मी बसीन. अन् आत्याबाई घरीच राह्यतीन."